अमायेलीचं बाळ

मोझेल रॅटलर म्हणजे स्नोबर्डच्या डोंगरातली एक नंबरची हट्टी बाई. टोपल्या विणाव्यात तिनेच, पण गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की टोपली काखोटीला मारून चालू लागायची. दर नव्या चंद्राला ती नणंदेच्या, लॉटीच्या, गाडीत बसून धरणाच्या तळ्यावर जाई आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून पुटपुटे. आपले लोक पूर्वीपासून असेच पाण्यात उभे राहून प्रार्थना करतात, म्हणून लॉटी काही विचारत नसे. फक्त पेट्रोलवरून कुरकुर करी.

त्या पाण्याखाली अमायेली होतं, अमेरिकेतल्या मूळच्या चेरोकी लोकांचं जुनं गाव. आणि तिथे मोझेलची लेक होती.

जुने चेरोकी आपलं माणूस घराच्या जमिनीखालीच पुरत. गेलं तरी ते घरातच राही. मोझेलची पहिली पोर महिन्याचीही न होता गेली, तेव्हा तिने नवऱ्याला, एमसला, सांगितलं, की ही अमायेलीत, माझ्या आजीच्या घरात झोपेल. घर कसलं, एका गोऱ्या शेतकऱ्याचं मक्याचं शेत झालं होतं ते. दोघं चोरासारखी गेली. हरणाच्या कातड्यात पोरीला गुंडाळलं, गळ्यात आजीचे निळे मणी घातले. एमसने शिंपल्याचा पक्षी कोरला होता. सुरी घसरून त्याचा डावा पंख तुटला, तरी तोच ओवला. शेतकऱ्याच्या भीतीने कुणाला सांगितलं नाही, लॉटीलाही नाही.

पुढे धरण आलं. ज्यांची माणसं तिथे पुरली आहेत त्यांनी कळवावं, कबरी हलवू, असा निरोप फिरला. मोझेल गप्प राहिली. पोरीला कुणाचं फावडं लागण्यापेक्षा पाणी बरं, असं तिला वाटलं. एमस वारला तेव्हाही तिला तेवढाच धीर होता, की लेक जागच्या जागी आहे.

नव्या संग्रहालयाने तिला टोपल्या विणून दाखवायला बोलावलं. लॉटीने टोमणा मारलाच, "नीट हास गं वहिनी. नाहीतर तुलाच काचेत ठेवतील."

मोझेल हसत आत शिरली आणि पहिल्याच कपाटापाशी थिजली. काचेमागे निळे मणी होते आणि डावा पंख तुटलेला पक्षी. खाली लिहिलं होतं, अमायेली, घराखालचं दफन, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचं.

"लॉटी, हा एमसने केलाय."

"काहीतरीच काय!"

"माझ्या पोरीच्या गळ्यात होता. मी घातला." तिने काचेवर थाप मारली. लॉटीने तिला धरलं.

तिथला अधिकारी, वेस्ली नावाचा भला माणूस, धावत आला. सगळं ऐकून घेऊन त्याने सांगितलं. गाव बुडण्याआधी विद्यापीठाच्या लोकांनी त्या घराची जमीन खोदली होती. इतकं जुन्या रीतीचं दफन कालपरवाचं असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"ती कुठाय?" मोझेलने विचारलं.

त्याने मागच्या खोलीतून पुठ्ठ्याचं एक खोकं आणलं. चपला येतात तेवढंच होतं.

मोझेलने ते मांडीवर घेतलं आणि खुर्चीत बसली. "मग मी तळ्यावर कुणाशी बोलत होते गं लॉटी? तिथे कुणीच नव्हतं." "मी तोंड उघडलं असतं तर हिला हलवून माझ्याच हाती दिली असती. मीच गप्प बसले."

वेस्ली म्हणाला, "आजी, हिला घेऊन जाऊ देणं माझ्या हातात नाही. वर विचारावं लागेल. आणि आता बंद करायची वेळ झालीय."

"करा की बंद. मी कुठे अडवलंय?" खोक्यावरचा हात तिने काढला नाही. "आम्ही दोघी इथेच आहोत."

लॉटीने दुसरी खुर्ची ओढली आणि तिला खेटून बसली.

"दोघी नाही वहिनी," ती म्हणाली, "तिघी."