तुहामी शिंप्याच्या मांडीचा नकाशा

मालेम तुहामीच्या उजव्या मांडीत सुई रुतलेली होती आणि मालेम मजेत गुणगुणत बसला होता. त्याची बायको लाल्ला शामा धुतलेली लोकर घेऊन दुकानात आली, तेव्हा ते तिच्या नजरेस पडलं.

"अहो सी तुहामी, मांडीत सुई आहे तुमच्या."

"असणारच. तिथंच तर खोचतो मी."

"कापडात नाही हो. मांडीत."

मालेमनं खाली पाहिलं. सुई उपसली. सलवारीवर रक्ताचा टिपका उमटला. पण दुखलं मात्र काहीच नाही.

मी समोरच्याच दुकानात ऑलिव्हचं तेल विकतो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत घडलं. तसे आम्ही दोघं लहानपणापासूनचे. मशिदीच्या शाळेत एकाच चटईवर बसून फकीहच्या छड्या खाल्ल्या. पुढं मी तेलात गेलो, तो मालेम म्हणजे उस्ताद शिंपी होऊन वडिलांच्या गादीवर बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला. मांडी घालून, सकाळपासून दिवस कलेपर्यंत, जेलाबे म्हणजे टोपीचे लोकरी झगे शिवत. वज्झानच्या डोंगरात थंडीला जेलाब्यावाचून कुणाचं पान हलत नाही, आणि तुहामीच्या हातची टोपी डोक्यावर जशी बसते तशी दुसऱ्या कुणाची बसत नाही. स्वभाव गोड, पोट सुटलेलं, आणि बोलण्यात मला भारी.

पण त्या दिवसापासून तो गप्प झाला. कारण त्याच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं, आणि त्याची सुरुवात उजव्या पायापासूनच झाली होती. म्हातारा पुढं आठ वर्षं भिंतीला टेकून होता. तुहामीनं मनाशी ठरवून टाकलं की आता आपली पाळी. रोज चिमटे काढून बघायचा. मांडीचा वरचा, पुढचा-बाहेरचा भाग, तळहाताएवढा, लाकडासारखा.

रमजान चालू होता. ईदचे जेलाबे ढिगानं पडलेले. त्यानं काय करावं? अर्धे कापलेले जेलाबे उचलून पलीकडच्या बूसलहामला देऊन टाकले. बूसलहाम म्हणजे ज्याला तो आयुष्यभर "गोणपाट शिवणारा" म्हणत आला तो.

"अरे, डॉक्टरला दाखव," मी म्हटलं.

"मांडी दाखवू? परक्या माणसाला?"

आता आमच्याकडं बेंबीपासून गुडघ्यापर्यंत पुरुषानं झाकून असावं ही रीत. हम्मामात वाफेनं जीव गुदमरला तरी फडकं सुटत नाही. त्यामुळं मालेमनं आपला इलाज आपणच केला. पायात बळ नाही म्हणजे कंबर कसली पाहिजे. रमजानात तो पोटाला भूक कळू नये म्हणून लोकरी पट्टा तसाही आवळायचा. आता आणखी आवळला. आणि पोट पुढं आलेलं, तेव्हा पट्टा बसायचा तो पोटाखाली, थेट जांघेवर. मांडी जास्तच मेली. मग त्यानं पट्टा जास्तच कसला.

शेवटी लाल्ला शामानं त्याचं बखोट धरलं. "मांडी झाकून मेलात तर मयताला आंघोळ घालणारा बघेलच ना? मग आज डॉक्टरनं बघितली तर काय बिघडलं?"

तेव्हा कुठं तो उठला. मलाही सोबत नेलं, धीर द्यायला.

डॉक्टर स्कल्ली फेज शहरातले, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय असा उडाला की डॉक्टरांचा चष्मा वाचला एवढंच. मग पट्टा सोडायला लावला. कमरेच्या हाडाच्या टोकावर पट्ट्याचा वळ लालभडक उठला होता. डॉक्टर त्या वळाकडं बघतच राहिले.

"खडू आहे का, मालेम?"

शिंप्याच्या खिशात खडू नसेल तर काय असेल? डॉक्टरांनी त्याच खडूनं मांडीवर रेघा ओढल्या. "ही वरची रेघ म्हणजे जांघेतली दोरी, कमरेच्या हाडापासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत ताणलेली. हा आतल्या बाजूचा स्नायू. आणि हा बाहेरचा तिरपा."

"म्हणजे सलवारीत जोडतो ती तिकोनी कळीच की ही," मालेम म्हणाला. भीती क्षणभर विसरला होता.

"कळीच. हिच्या आत बोट ठेवा. धडधडतंय? ती पायाची मोठी रक्तवाहिनी. तिच्या बाहेरच्या अंगाला पाय हलवणारी नस, आतल्या अंगाला रक्त परत नेणारी शीर. तिन्ही ठणठणीत."

"मग मेलंय काय?"

"कळीच्या बाहेर, इथं कोपऱ्यात, हाडाला लागून एक बारीक नस दोरीखालून येते. तिला फक्त कातडीची खबर असते, पाय हलवणं तिच्याकडं नाही. तिचा गळा तुम्ही पट्ट्यानं आवळलाय. सैल सोडा, हळूहळू जागी होईल."

"वारं नाही?"

"नाही. वडिलांचं वेगळं होतं, तुमचं वेगळं."

भिंतीकडं तोंड करून मालेमनं डोळे पुसले. डॉक्टरांनीच विषय बदलला. म्हणाले, "तो बाहेरचा तिरपा स्नायू आहे ना, अंगातला सगळ्यांत लांब, तो मांडी घालून बसायला कामाला येतो. म्हणून वैद्यकात त्याचं नावच शिंप्याचा स्नायू."

झालं. परतीच्या वाटेवर मालेम माझ्या पुढं चालत होता, पट्टा खांद्यावर टाकून. "तेलवाल्याच्या नावाचं काय आहे रे अंगात?"

"पोट," मी म्हटलं. "पण तेही तूच नेलंस."

एवढा मान मिळालेला, आणि दाखवायची सोय नाही. मांडीच ती. मग त्यानं बूसलहामच्या दुकानात जाऊन एका कापडावर खडूनं तीच कळी काढली, तिरपा स्नायू काढला, आणि आपले जेलाबे परत मागितले. बूसलहामनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "स्नायू मलाही आहे, तुहामी. जेलाबे मात्र तुझेच, घेऊन जा."

ईद झाली. पट्टा आता पोटावरून बांधला जाऊ लागला, ढिला. ऑलिव्ह झोडायचे दिवस आले तेव्हा एका सकाळी समोरून "आई गं" ऐकू आलं. मी धावलो. मालेम मांडी चोळत हसत होता, हातात सुई.

लाल्ला शामा आतून म्हणाली, "आता तरी सुई गादीत खोचा."

"गादीला काय कळतंय," तो म्हणाला, आणि सुई पुन्हा मांडीवरच्या कापडात खोचून पुढचा जेलाबा ओढला.