कंपाउंडरचा मासा

कंपाउंडरने चाळीस वर्षांत किती पुड्या बांधल्या, ते विचारू नका. त्यालाही सांगता यायचं नाही. डॉक्टर आत रोगी तपासत आणि हा बाहेर लाकडी खिडकीमागे उभा. कागदाचा चौकोन, मधोमध औषधाची पावडर, दोन्हीकडून घडी, टोकं एकमेकांत अडकवायची आणि शेवटी अंगठ्याच्या नखाने सर्रकन एक दाब. पुडी अशी चपटी बसायची की खिशात कोलांट्या खाल्ल्या तरी कण सांडत नसे. पुढे डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, तरी गल्ली त्याला कंपाउंडरच म्हणत राहिली. आणि हाताची खोड तरी कुठे जाते? बसचं तिकीट हाती आलं की उतरेपर्यंत त्याची पुडी झालेली असायची.

सांगायचंय ते माशाचं. पण माशाच्या आधी ताई सांगायला हवी.

ताई त्याची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आईवडील एकापाठोपाठ एक गेले तेव्हा हा सात वर्षांचा होता आणि ती सोळाची. नातेवाइकांनी हळहळ केली, चहा प्यायला आणि काढता पाय घेतला. ताईने शाळा सोडली आणि मासेबाजारात दुसऱ्याच्या ओट्यावर मासे साफ करायला उभी राहिली. काही वर्षांनी ओटा तिचा झाला. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "आधी ह्याचं होऊ दे." ह्याचं झालं, आणि मग तिला विचारायचं सगळ्यांचं राहूनच गेलं. बाजारात मात्र तिचा दरारा होता. गिऱ्हाइकाशी भांडता भांडता, मान दुसरीकडे वळवून, नुसता अंगठा फिरवून ती सांगायची की मासा आजचा की कालचा.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे नेले. कंपाउंडर तिला आपल्या घरी घेऊन आला. घरात तो आणि त्याची लेक, दोघंच. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताई आली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, ते ठेवलेच. लसूण सोलायला दिला तर "राहू दे, सांडेल." टॉवेलची घडी घालायला दिली तर "नको गं, वेडीवाकडी होईल." ज्या बाईच्या तोंडाला अख्खा बाजार टरकून असायचा, ती दिवसाला दहा शब्द बोलेनाशी झाली.

आणि एक दिवस जेवताना तिने एकदम सांगून टाकलं. "अंधांच्या आश्रमात जागा होतेय. येत्या एक तारखेला नाही, पुढच्या. मी नाव दिलंय."

कंपाउंडरचा घास हातातच राहिला. त्याने लेकीकडे बघितलं. लेक ताटात बघत म्हणाली, "आत्यानेच फोन लावायला लावला, बाबा. शपथ घातली होती मला."

"अगं पण का? इथे काय कमी आहे तुला?"

"कमी काहीच नाही. बसून खाते, ते गिळवत नाही. हे हात आता कामातून गेले. मला सांग, माझं इथे काय काम आहे?"

कंपाउंडरने तिच्या ताटात आणखी भात वाढला. खरं उत्तर त्याच्याकडे होतं. साठ-बासष्ट वर्षांत त्याने ताईला एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं की तू होतीस म्हणून मी आहे. आपल्याकडे म्हणतं कोण असलं काही? पण आता एक तारीख डोळ्यांसमोर नाचायला लागली आणि त्याची झोप उडाली.

माशाचं काढलं लेकीने. तिने फोनवर फोटो दाखवला: कागदी मासा, एका अखंड चौकोनातून घडवलेला, कात्री नाही की डिंक नाही, आणि अंगभर खवले, एकेक सुटा, बोटाला लागेल असा. "आत्याला हाताने बघता येईल, बाबा."

कंपाउंडरने फोन नाकाजवळ नेला. "घड्याच आहेत ना? मग आपल्या डाव्या हातचा मळ."

डाव्या हातचा मळ कसला! पहिला कागद जाड निघाला, चारदा दुमडल्यावर फाटला. मग लेकीने पातळ पण चिवट कागद आणला, टेबल व्यापेल एवढा. निम्म्याचे निम्मे करत पाच वेळा घडी, म्हणजे एका बाजूला बत्तीस पट्ट्या. तेच आडवं. मग तिरक्या रेषा. नुसत्या रेषा पाडण्यातच तीन दिवस गेले. मग एकेक ओळ चुणीसारखी दुमडायची आणि प्रत्येक चौकटीत कागदाचं छोटं टोक बाहेर काढायचं, तो झाला खवला. पुढच्या ओळीचे खवले आधीच्या ओळीच्या मधल्या जागांत बसवायचे. एक चुकला की सगळी ओळ उसवा. कंपाउंडरने मनातल्या मनात त्या कागदाला काय काय शिव्या घातल्या, त्या इथे न सांगितलेल्या बऱ्या. पण नवव्या दिवशी मासा झाला. त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"ताई, हात पुढे कर."

"कशाला?"

"कर तर खरी."

तिने नाइलाजाने हात पुढे केला. मासा तळव्यावर आला आणि तिची बोटं थबकली. मग अंगठा हळूच डोक्यावरून शेपटीकडे गेला आणि परत आला. "मासा आहे," ती म्हणाली. "ही शेपटी. हा पोटाकडचा पर. पण खवले कुठायत?"

"कुठायत म्हणजे? दोनशेच्या वर आहेत!"

"एक नाही. अरे, हा तर तू साफ करूनच आणलास!"

कंपाउंडरने मासा उजेडात धरला, आणि त्याने कपाळावर हात मारला. खवले होते, सगळेच्या सगळे. पण एकेक झाला की त्याच्या अंगठ्याने सवयीने वरून नख ओढलं होतं. दोनशे खवले, दोनशे दाब. मासा इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता.

"नख मारलंस ना?" ताईने विचारलं. "मेल्या, माशाची पुडी बांधलीस तू!" आणि ती हसली. अशी हसली की खुर्ची हलली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि लेक हातातला झाडू टाकून आतून धावत आली. दोन वर्षांत त्या घराने हे ऐकलं नव्हतं. कंपाउंडर ओशाळला खरा, पण इतका आनंद त्याला कुठल्या शाबासकीनेही झाला नसता.

"मग तूच सांग, खवला कसा असतो," तो म्हणाला.

"सांगून कळतंय होय तुला! दुसरा कागद घे. खुर्ची टेबलाशी ओढ माझी."

झालं, दुसऱ्या दिवसापासून ताई टेबलाशी. हा ओळ दुमडायचा, ती वरून बोट फिरवायची. "दुसरा चपटा बसलाय. चौथाही." अंबाड्यातला आकडा काढून ती तो खवला अलगद उचलायची, आणि ह्याचा अंगठा जवळ आला की फटका द्यायची. "हात मागे! खवल्याला मुळाशी धरतात, टोकाला मोकळं सोडतात." एकदा तिने मध्येच विचारलं, "तोंड कुठल्या बाजूला करणारेस?"

"खिडकीच्या."

"मग बोंबला. खवल्याची उघडी बाजू शेपटीकडे हवी. असा मासा पोहायला लागला की पाणी शिरेल अंगात. डोकं भिंतीकडे कर."

मेहेरबानी की डोकं अजून व्हायचं होतं. कंपाउंडरने निमूटपणे कागद फिरवला. मधल्या वेळेत लसूण कधी सोलला जाऊ लागला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आश्रमाचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं, आणि ताईची बॅग कपाटाशेजारी भरलेली तशीच होती. कंपाउंडर येताजाता तिच्याकडे बघायचा आणि नजर फिरवायचा.

महिनाअखेरीला, सकाळी, मासा पुरा झाला. ताईने तो डाव्या हातात धरला आणि उजवा अंगठा शेपटीकडून डोक्याकडे, उलटा नेला. खवले नखाला अडले, एकामागून एक, कर्र कर्र कर्र. तिने परत तसंच केलं. मग मासा मांडीवर ठेवला.

"काय गं? चुकलं काही?"

"नाही. मला वाटलं होतं, डोळ्यांबरोबर हातसुद्धा गेले." तिने बोटं उघडमीट केली. "आहेत रे माझे हात."

आता मात्र कंपाउंडरला राहवलं नाही. त्याने ते दोन्ही हात धरले. "ह्याच हातांनी मला जगवलं, ताई. माझी फी, माझे कपडे, माझं लग्न, सगळं ह्यातून आलं. मी कधी बोललो नाही. माझं चुकलं. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मला फेडायचे नाहीत, मला तू इथे हवीस."

ताईने त्याचा चेहरा चाचपला, गाल ओले लागले, तसे पदराने पुसले. "बाजूला हो, कागदावर सांडशील," एवढंच म्हणाली.

दुपारी आश्रमातून फोन आला. उद्या खोली तयार आहे, किती वाजता येताय, म्हणून विचारत होते. लेकीने फोन बापाकडे दिला. बापाने तो कानाला लावला आणि बॅगेकडे बघत राहिला. ताईने हात लांब केला. "आण इकडे."

तिने ऐकून घेतलं. नीट, अदबीने म्हणाली, "नाही हो, मला यायला नाही जमायचं. खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या, बिचारं कुणी वाट बघत असेल." पलीकडून कारण विचारलं असावं.

"माझा धाकटा भाऊ आहे ना," ताई म्हणाली, "तो अजून शिकतोय. त्याला एकट्याला सोडून कसं येऊ?"