दुसरी पुडी

आत्याच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी जडीबुटीचा वास यायचा, मग आत्याचा आवाज. "कोणासाठी?" गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत उलटतपासणी सुरू! एक खोली, भिंतभर बरण्या, तराजू आणि स्टुलावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेली माझी आत्या.

खोकल्याला, बसलेल्या घशाला ती ज्येष्ठमधाची मुळी कुटून द्यायची. पण आधी विचारायची, रक्तदाब आहे का, पायांवर सूज येते का, घेणारी पोटुशी तर नाही ना. "गोड लागतं म्हणून चघळत बसायचं नाही. औषध आहे ते, खाऊ नाही," असं लोकांना बजावून मला मात्र गुपचूप एवढंसं कांडकं द्यायची. ती चव अजून जिभेवर आहे. ते दिवस परत यावेत असं फार वाटतं.

तिचा एक नियम पक्का होता. पुडी एकदाच. त्या पुडीनं खोकला गेला नाही तर दुसरी मागायची नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, मागच्या बाजूला कुटत बसायचे. बायकोपुढे ब्र काढायची त्यांची टाप नव्हती. "अशी गिऱ्हाइकं हाकलून धंदा होतो का?" हे ते मला सांगायचे, तेही खलबत्त्याच्या आवाजाआडून.

मग आत्यालाच खोकला लागला. तिनं स्वतःसाठी पुडी बांधली. ती संपली, दुसरी बांधली. पुढे बांधणंही सोडलं, येता-जाता बरणीत हात. डॉक्टरचं नाव काढलं की खेकसायची, "मला शिकवू नका." एका सकाळी तिची चप्पल पायात शिरेना, इतके पाय सुजले होते.

त्या दिवशी दुकानात आलो तर स्टुलावर आतोबा. ज्येष्ठमधाची बरणी मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"द्या इकडे," आत्या म्हणाली.

"कोणासाठी?"

मला हसू फुटलं. आत्या हसली नाही. "चेष्टा पुरे झाली हं."

"पायांवर सूज येते का?"

आत्यानं पाय साडीच्या निऱ्यांआड ओढले.

"पहिल्या पुडीनं गेला का खोकला?"

"अहो..."

"मग दुसरी मिळायची नाही. डॉक्टरकडे जा." त्यांनी बरणी आणखी पोटाशी ओढली.

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग एक शब्द न बोलता त्यांच्याच मोठ्या चपला पायांत सरकवून मला घेऊन निघाली.

डॉक्टरांनी ज्येष्ठमध बंद केलं. सूज उतरली, चढलेला रक्तदाबही उतरला. खोकल्याचं मूळ फुप्फुसात निघालं. उपचार लांबले, पण आत्या बरी झाली आणि पुन्हा स्टुलावर बसून लोकांवर डाफरू लागली.

आता दोघंही नाहीत. आतोबांना मी एकदा विचारलं होतं, "तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?"

"तिच्या ओरडण्याची? छे रे," ते म्हणाले. "ती गप्प बसली ना, तेव्हा वाटली. म्हटलं, ही नसली की घर असंच होणार."