न दिसलेला थर

‘म्हाताऱ्याची बहीण त्या जागेवर होती. तिथे डांबर चढवायला त्याचे मन धजेना, म्हणून त्यानेच तो थर पुसला आणि खापर सॉफ्टवेअरवर फोडले.’

नांदेडच्या आमच्या जुन्या कचेरीत ही कथा आजही चहाबरोबर सांगितली जाते. सांगणारे माझ्याच हाताखाली रस्त्यांचे आराखडे काढायला शिकले. बहिणीपुरती कथा खरी आहे. पुढची खोटी आहे, आणि ती मी सोडणार नाही. कारण ती मानली तर मी खोटा आराखडा करणारा ठरतो.

काम किल्लारीकडच्या एका रस्त्याचे होते. जुन्या डांबरावर दहा सेंटिमीटरचा नवा थर द्यायचा होता. पडद्यावर तो लाल पट्ट्यासारखा दिसतो. भूकंपात उठलेल्या एका गावापाशी तो पट्टा तुटत असे. तीस मीटर नुसता काळा पडदा, मग पुन्हा लाल. थर दाखवण्याची सोय चालू होती. चित्र नव्याने काढून पाहिले, फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, शेवटी थर पुसून पुन्हा दिला. पुसताना एकाने पाहिले. कथेचा उगम तोच. काळे ते काळेच राहिले.

भूकंपानंतर त्या तीस मीटरांत, रस्त्यावरच, गोधड्यांखाली माणसे ओळीने ठेवलेली मी पाहिली होती. तिसरी माझी बहीण. चार दिवस मी त्या काळ्या तुकड्यासमोर बसलो. संगणक बंद केल्यावरही तो डोळ्यांपुढून हलेना. तो तसाच राहावा, असे मनात आले. हे नाकारत नाही. पण मनात येणे आणि हाताने करणे यांतला फरक मी कधी पुसला नाही.

पाचव्या दिवशी त्या तुकड्याचे आडवे छेद, म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखी चित्रे, काढले. तिथे जुना रस्ताच नव्या रस्त्याच्या ठरलेल्या उंचीहून बारा सेंटिमीटर वर दाखवला होता. थराला जागाच नसेल तर सॉफ्टवेअरने काय दाखवावे?

मी लातूरमार्गे थेट जागेवर गेलो. मोजणीत उंचीची आकड्यांची पट्टी धरणारा माणूस त्याच गावचा, माझ्याहून थोडासाच लहान. तिथून गाड्या जातात. गावचा माणूस मात्र पायातले हातात घेऊन कडेने जातो. आकडे कुठे घेतले, असे मी त्याला विचारले.

“साहेब, तितं आपली मानसं निजवली होती. त्यांच्या अंगावर पट्टी कशी टेकवू?”

“मग टेकवली कुठे?”

“वेशीच्या जोत्यावर. रस्त्याला चिकटूनच हाय. लई फरक न्हाई.”

मी त्याला रागावलो नाही, याचेही कचेरीत भांडवल झाले. वहाणा काढल्या, पट्टी हातात घेतली आणि भर रस्त्यात उभा राहिलो. त्याने मोजणीच्या दुर्बिणीतून आकडे वाचले. तिसरा आकडा त्याने दोनदा वाचला. मी पट्टी हलू दिली नाही. ज्याला तिथे डांबर सोसवत नव्हते म्हणतात, त्याने हे केले.

नवे आकडे भरताच लाल पट्टा सलग झाला. तरी म्हणतात, मीच पुसलेले मीच परत आणले. त्यांनी टेप घेऊन जोत्यापाशी जावे. फाइलमधले त्या तुकड्याचे जुने चारही आकडे रस्त्याहून बावीस सेंटिमीटर वर होते, आणि त्या जोत्याची उंची बावीस सेंटिमीटर आहे.