जांभळावर पडलेली वीज

आधीच सांगून टाकते — मी एक्स-रे टेक्निशियन आहे. नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये रोज माणसांच्या हाडांचे फोटो काढते. फोटोत जे आहे ते आहे, नाही ते नाही, यावर माझी नोकरी चालते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. म्हणून हे लिहू की नको, यात बरेच दिवस गेले. शेवटी माझा मावसभाऊ संदीप म्हणाला, "ताई, लिही तू. मी बी व्हतो तिथं." म्हणून लिहितेय.

मला विजांचे फोटो काढायचा नाद आहे. लोक पाऊस आला की खिडक्या लावतात, मी ट्रायपॉड काढते. उघड्यावर कधीच उभी राहत नाही — पक्कं छप्पर, मागे भिंत आणि समोर मोठी खिडकी, हा माझा नियम. दिवसाउजेडी वीज पकडायला कॅमेऱ्यावर एक छोटं यंत्र लावते, लाइटनिंग ट्रिगर म्हणतात त्याला. वीज चमकली की ते आपोआप क्लिक करतं. आपण नुसतं बघत बसायचं.

संदीपची द्राक्षबाग आहे दिंडोरीच्या अलीकडे. बागेच्या कडेला त्याचं दुमजली पॅकिंग शेड आहे, आणि वरच्या खोलीच्या खिडकीतून थेट रामशेज किल्ल्यापर्यंत नजर जाते. परतीचा पाऊस सुरू झाला की मी सुट्टी काढून तिथेच जाते. त्या दिवशीही दुपारीच पोचले. बागेत छाटणी चालू होती. पेठकडच्या बायांची टोळी होती कामाला.

चार वाजून गेले असतील. रामशेजच्या मागून आभाळ असं काळंनिळं चढत आलं की मी आनंदाने टाळीच वाजवली! कॅमेरा खिडकीत लावला. खाली सरी सुरू झाल्या तशा बाया बागेतून बाहेर पडल्या आणि बांधावरच्या जांभळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. उंच, जुनं झाड. खिडकीतून ते माझ्या चौकटीत उजवीकडे येत होतं, आणि शेडकडे येणारा गाडीरस्ता डावीकडे. एका फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली होती. टोळीतल्या हिराची तान्ही मुलगी त्यात झोपलेली.

पहिल्या काही विजा लांब होत्या. ट्रिगर खट् खट् करत होता. मग एक वीज किल्ल्यावर चमकली, क्लिक झालं, आणि कसं आलं बघावं म्हणून मी मागच्या स्क्रीनवर फोटो उघडला.

फोटोत किल्ल्यावर वीज नव्हती.

फोटोत वीज जांभळावर पडत होती. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पांढरी जाड रेघ, साली उडालेल्या, खोडाच्या मधून उजेड बाहेर येतोय…

मी मान वर केली. जांभूळ जागच्या जागी. खाली बाया पदर डोक्यावर घेऊन हसत-बोलत उभ्या. झाडावर वीज पडली असती तर त्या आवाजाने माझे कान बधिर झाले असते. मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. फोटो मोठा केला. झाडाखाली कुणीच नव्हतं. फक्त झोळी लोंबत होती — मोकळी.

"संदीप," मी हाक मारली. तो मागे खोकी मोजत होता. "हे बघ जरा."

तो वाकून बघायला लागला. "आपलंच जांभूळ हाय की हे. कधी पडली ही?"

"पडली नाही."

आम्ही दोघांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं. मग संदीप हळूच म्हणाला, "अजून नाय पडली."

त्याने 'अजून' का म्हटलं, ते त्यालाही ठाऊक नाही. पण तो शब्द ऐकला आणि मी जिना उतरायला लागले. वीज चमकत असताना बाहेर पडायचं नाही, हा धडा मी दुसऱ्यांना देते… आणि त्या दिवशी चिखलात चपला टाकून मीच अनवाणी धावत होते. मागून संदीप.

झाडापाशी पोचले तेव्हा मला धड बोलता येईना. "चला, शेडमध्ये चला सगळ्या… इथं थांबू नका."

टोळीतली म्हातारी सोनाबाई माझ्याकडे बघून हसली. "कशाला बाय? हितं कोरडं हाय. वाटंनं भिजायचं व्हय?"

"झाडावर वीज पडेल, सोनाबाई."

"आमच्याकडं डोंगरात लय इजा पडत्यात. अशानं धावत सुटलो तं जगावं कवा?"

बाया हसल्या. आता यांना काय सांगू? मी फोटो पाहिलाय म्हणून सांगू? तेवढ्यात वर आभाळ असं गुरगुरलं की पायाखाली हादरा जाणवला. संदीपने एकदम आवाज चढवला — "गाडी निघाली! पेठला सोडतोय आत्ताच. जी येणार नाय तिनं चालत जायचं!"

गाडीबिडी काही निघालेली नव्हती. पण ते मात्र लागू पडलं. बायांनी पिशव्या, कात्र्या उचलल्या आणि रस्त्याने निघाल्या. सोनाबाई संदीपला शिव्या घालत सगळ्यांत पुढे, आणि संदीप शेडचं दार उघडायला तिच्याही पुढे पळालेला.

हिरा मागे राहिली. झोळीची गाठ सोडत होती. लुगडं भिजून गाठ अशी आवळलेली की सुटेना. ती दातांनी ओढायला लागली.

"राहू दे ते, हिरा!"

"लुगडं हाय माझं, ताई, थांबा की—"

मी थांबले नाही. झोळीत हात घातला आणि पोरीला उचललं. ती दचकून रडायला लागली. मी तिला छातीशी धरून पळत सुटले. हिरा ओरडत माझ्यामागे. तिला वाटलं असेल, या बाईला वेड लागलंय.

गाडीरस्त्याला लागल्यावर मी एकदा मागे वळून पाहिलं.

झाडाखाली कुणी नव्हतं. फांदीला झोळी लोंबत होती, मोकळी.

पाहिलेलं चित्र आत्ता, माझ्या हाताने पुरं झालं होतं. आणि त्याच वेळी हातावरची लव उभी राहिली, डोक्यात मुंग्या आल्यासारखं झालं. त्याचा अर्थ मला माहीत होता: वीज आता इथेच पडणार. "खाली बसा!" म्हणून किंचाळले. पोरीला पोटाशी घेऊन उकिडवी बसले, हिराला हाताने खाली ओढलं. पुढच्याही बसल्या की नाही, ते बघायला डोळे उघडे नव्हते.

आवाज असा आठवतच नाही. पांढरं झालं सगळं, मिटल्या डोळ्यांच्या आतसुद्धा. मग बराच वेळ कानात नुसती शिट्टी. पहिलं जे ऐकू आलं ते पोरीचं रडणं. तिच्या रडण्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

जांभूळ मधोमध उभं फाटलं होतं. पावसातही बुंध्यातून धूर निघत होता. झोळीची फांदी खाली आली होती आणि लुगडं काळं पडलेलं. हिरा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हातातून पोर घेतलं आणि तिथेच चिखलात बसून पदराखाली घेतलं.

सगळ्या सुखरूप होत्या. शेडमध्ये आल्यावर सोनाबाईने माझा हात धरला. "तुला कसं कळलं, बाय?"

मी म्हटलं, "आभाळ दिसत होतं ना."

तिला ते पटलं नाही.

आम्ही वर गेलो. कॅमेरा खिडकीत तसाच होता, ट्रिगर चालू. मी फोटो मागे मागे नेत गेले. जांभळावर पडणाऱ्या विजेचा फोटो होता — पण तो सगळ्यांत शेवटचा. म्हणजे आम्ही रस्त्यावर बसलेलो असताना आपोआप निघालेला. जिथे मी तो आधी पाहिला होता, त्या जागी किल्ल्यावर चमकणाऱ्या विजेचा साधा फोटो होता. त्यात जांभूळ शाबूत, खाली बाया उभ्या, झोळी पोरीच्या वजनाने ताणलेली.

नवऱ्याला घरी येऊन सगळं सांगितलं. तो सातपूरला कंपनीत इंजिनीअर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घाबरलीस तू. नंतर बघितलेला फोटो आधी बघितल्यासारखा वाटतोय तुला. मेंदू करतो असं." पटण्यासारखं होतं. मला पटवून घ्यायचंही होतं. म्हणून मी त्याच्यासमोरच संदीपला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि फक्त एवढंच विचारलं — "मी तुला खिडकीत बोलावलं तेव्हा स्क्रीनवर काय होतं?"

"जांभळावर इज व्हती, ताई. आन् झोळी मोकळी व्हती." तो पुढे म्हणाला, "म्हणून तर बायांना खोटं सांगितलं ना गाडीचं."

त्यानंतर नवऱ्याने तो विषयच काढलेला नाही.

तो फोटो मी मोठ्या स्क्रीनवर लावून पाहिला तो बऱ्याच दिवसांनी. खिडकीत मी फक्त झाड मोठं करून बघितलं होतं, बाकीची चौकट बघितलीच नव्हती. डावीकडे गाडीरस्त्यावर विजेच्या उजेडात बाया वाकून बसलेल्या दिसतात. त्यांच्या मागे एक अनवाणी बाई, पोटाशी काहीतरी घट्ट धरलेली, एक हात शेजारच्या बाईच्या पाठीवर.

ती मी आहे.

तेव्हा फोटो जरासा डावीकडे सरकवला असता, तर मी मलाच पाहिलं असतं. आणि मग काय केलं असतं मी? आपण वाचणार हे कळल्यावर तशीच धावले असते, की बघत उभी राहिले असते? हाडं कुठे मोडलीत ते मी रोज दाखवते लोकांना. याचं उत्तर मात्र कुणाकडे असेल तर सांगा.