न पाहिलेली उडी

लाखनीला एसटी थांबली. टपरीवर तर्रीपोहे खाताना शेजारच्या ट्रकवाल्याने सहज विचारलं, कुठं निघालात? एकोडीला, म्हणालो. कोणाकडे, या त्याच्या पुढच्या प्रश्नावर मी पोहे अर्धे टाकून उठलो.

अठ्ठावीस वर्षं मी मालवाहू जहाजांवर काढली. आता कादंबरी लिहितोय, परक्या बंदरात कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या देशोदेशीच्या खलाशांवर. आमचंही जहाज असंच आठ महिने अडकलं होतं. एका सकाळी आमचा स्वयंपाकी देवानंद जहाजावर नव्हता. त्याने समुद्रात उडी मारली, असं कंपनीने कळवलं. त्याचं घर एकोडीला.

साकोलीहून रिक्षाने पोचलो. धान कापून झालं होतं. देवानंदचं घर विचारलं, तर एकाने आधी माझं नाव विचारलं आणि भलत्याच वाटेला लावलं. बोडीला (लहान तळ्याला) वळसा घालून परत आलो.

देवानंदची बायको वनमाला अंगणात धान पाखडत होती. सासरे दारातच उभे राहिले, नजर माझ्या पिशवीवर. यापूर्वीही कंपनीचे गोड बोलणारे लोक येऊन कागदांवर अंगठे घेऊन गेले होते, असं तिने सांगितलं. मी नाव सांगितलं, कादंबरीचं बोललो.

"गोष्ट लिवासाठी एवढ्या दूर कोणी येते का, भाऊ?" ती म्हणाली.

मग आतून तिने कंपनीच्या अहवालाची प्रत आणली आणि साक्षीदाराच्या नावावर बोट ठेवलं. "हे सही तुमची हाय का?"

"हो."

"तुमी पायलं का त्याईले उडी मारताना?"

मी तेव्हा झोपलेलो होतो. सही करेल तो आधी घरी जाईल, असं कप्तान म्हणाला होता.

"नाही पाहिलं," मी म्हणालो.

सासरे खाली बसले. वनमाला रडली नाही. वहीचं पान फाडून तिने माझ्यापुढे ठेवलं. "गोष्ट मंग लिवा. पयले हे लिवा."

लिहिलेलं तिने दोनदा वाचून घेतलं, कागद हातात धरायला लावून माझा फोटो काढला. सासरे रस्त्यापर्यंत सोबत आले. कंपनीचं कोणी माझी वाट पाहतंय का, हेच ते बघत असावेत.

घरी येऊन कादंबरी उघडली. तिच्यात खोट्या साक्षीवर सही करणारा माणूस मी दारुडा, लोभी रंगवला होता. ते पान फाडलं. त्याला माझं गाव दिलं, माझं वय दिलं.

परवा वनमालाचा फोन आला. कंपनीविरुद्ध कोर्टात उभे राहाल का, तिने विचारलं. राहीन, म्हणालो.

ती म्हणाली, "आले म्हंजे पाहू."