आवळलेली गाठ

चाकणला कारखाने नव्हते, नुसते कांदे होते, तेव्हाची गोष्ट. पोट लपवायला मी धोतर करकचून नेसायचो. पोट लपलं नाही, कमरेला जखम मात्र झाली. बाजारात मी ती खाजवताना कांदेवाल्या आजीचा तराजू थांबला.

“दादा, भरत न्हाई का?”

“हळद लावतो. दुखत नाही.”

“मलाबी दुखत नव्हतं. लुगड्याची गाठ रोज तिथंच. डाक्टर म्हनला, क्यान्सर हाय, उशीर केलास.” बोलता बोलता तिनं स्वतःची गाठ सैल केली. “आदी दावून या. कांदे मग न्या.”

दाखवलं. वेळेत कापलं, म्हणून वाचलो. पुढच्या हंगामात तिला सांगायला गेलो, तर जागेवर सून.

“आत्याबाई गेल्या,” म्हणत तिनं तराजू उचलला आणि माझ्या मागच्या बाईला म्हणाली, “मावशे, गाठ लई आवळलीया.”